जुन्या केमिकल कंपनीच्या जागेवर टॉवर होतोय, माती-पाण्याचा रिपोर्ट ‘ओके’ आहे, मग अजून काय बघायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाणे जिल्ह्यात रंगांसाठी लागणारी केमिकल्स बनवणारी एक जुनी कंपनी होती, ती बंद होऊन बरीच वर्षं झाली, आता तिथे टॉवर येतायत आणि तुम्ही फ्लॅट बुक केलाय. बिल्डरने माती आणि बोअरच्या पाण्याचे रिपोर्ट दाखवले, सगळं मर्यादेत आहे, वरची तीन फूट माती उचलून मुरूम भरणार आहेत, आणि बोअरचं पाणी फक्त बागेला आणि फ्लशला वापरणार आहेत. एवढं पुरेसं आहे का?

मी भूजलाचं काम करते आणि त्यातही बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागा तपासणं हेच बरीच वर्षं चाललंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण घरात आयुष्यभराची कमाई जाते म्हणून पूर्ण वाचा. थेट सांगायचं तर एवढं पुरेसं नाही. रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाहीये, बहुतेक खराच असेल, पण लॅबला जेवढं विचारलं तेवढंच लॅबने सांगितलंय. त्या जागेवर काय काय सांडलं, ते पावसाच्या पाण्याबरोबर खाली कुठे गेलं, आणि उद्या तुम्ही तिथे राहायला गेलात की ते कुठल्या वाटेने तुमच्यापर्यंत येऊ शकतं, हे कोणीतरी बसून आधी मांडायला लागतं. ते मांडलेलं नसेल तर कितीही सॅम्पल काढा, आकडे मिळतात पण अर्थ लागत नाही.

हे काम कागदांपासून सुरू होतं, खणायचं नंतर. कंपनीची प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रं मिळवायची, त्यात कच्चा माल काय, प्रॉडक्ट काय, किती टन, गाळ किती निघणार हे सगळं लिहिलेलं असतं. फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे मंजूर झालेले प्लॅन असतात, त्यावर टाक्या, बॉयलर, ड्रमचं गोडाऊन दिसतं. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर यातलं बरंच हाती येतं. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं सरकवून बघायची, शेड पाडायच्या आधी मागच्या अंगाला काळे-पांढरे डाग, उघडी तळी दिसतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे काम केलेली माणसं शोधायची. आपल्याकडे पाण्याचा प्रदूषण कायदा १९७४ चा आणि घातक कचऱ्याचे नियम १९८९ चे, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातल्या कारखान्यांनी जे काही निघालं ते कंपाउंडच्या आतच मागच्या बाजूला टाकलं असण्याची शक्यता खूप असते आणि त्याची नोंद कुठल्याच कागदावर नसते. एका जागेवर मी एका निवृत्त ऑपरेटर काकांना घेऊन गेले होते, शेड सगळ्या पाडलेल्या, कमरेएवढं गवत, काका भिंतीच्या कडेने चालत गेले आणि एका उंबराच्या झाडापाशी थांबून म्हणाले, ‘ह्याच्या मागं ड्रम धुवायचो आम्ही, पाणी उताराला लागून नाल्यात जायचं.’ प्लॅनवर तिथे हरित पट्टा दाखवला होता. त्या झाडामागे हाताने ऑगर (माती काढायचं लांब गिरमिट) मारला तर दीड मीटरपर्यंत नेहमीचा पिवळट मुरूम, आणि त्याखाली अचानक करडी-काळी, चिकट, डांबरगोळ्यांसारख्या वासाची माती. बिल्डरच्या माणसांनी प्लॉटवर सरळ चौकटी आखून जे सॅम्पल घेतले होते, त्यातला एकही त्या झाडाच्या जवळपास नव्हता.

तुमची कंपनी रंगांच्या केमिकल्सची होती म्हणून बिछडीचं उदाहरण देते, कारण ते याच धंद्यातलं आहे आणि त्याचे आकडे सुप्रीम कोर्टाच्या निकालात नोंदवलेले आहेत. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गाव आहे, तिथे १९८० च्या दशकाच्या शेवटी एच-ॲसिड बनवायचं युनिट सुरू झालं. एच-ॲसिड म्हणजे नॅफ्थलीनपासून बनणारं, कापडाच्या रंगांना लागणारं केमिकल. युनिट फार काळ चाललंसुद्धा नाही. माल निघाला ३७५ टन, आणि त्यासोबत निघालं ८२५० घनमीटर सांडपाणी आणि २४४० टन गाळ. म्हणजे एक टन मालामागे साडेसहा टन गाळ. तो उघड्यावर राहिला, काही खड्ड्यांत गेला, काही मातीत मिसळून पसरला, त्यावर पाऊस पडला आणि आसपासच्या शेतांतल्या विहिरींचं पाणी काळपट-तांबूस झालं. साधारण ३५० हेक्टर परिसर, साठेक विहिरी. ना माणसांना पिता येईना ना जनावरांना. १९८९ मध्ये याचिका झाली, फेब्रुवारी १९९६ मध्ये कोर्टाने ‘ज्याने घाण केली त्यानेच भरायचं’ हे तत्त्व लावून निकाल दिला, सफाईची रक्कम ३७.३८५ कोटी ठरली, आणि ती भरली जात नाही म्हणून २०११ मध्ये कोर्टाला चक्रवाढ व्याजासकट वसुलीचा आदेश काढावा लागला. काही महिन्यांचं उत्पादन आणि बावीस वर्षांची कोर्टबाजी. मला यात सगळ्यात ठळक वाटतं ते हे की गाळ होता कारखान्याच्या आवारात आणि नुकसान झालं ते कंपाउंडच्या बाहेर, विहिरींत. प्लॉटच्या आतली वरची माती तपासून ही गोष्ट कधीच कळली नसती.

आता तुमच्या रिपोर्टकडे. त्यात पीएच, टीडीएस, सीओडी, क्लोराइड आणि मग जड धातूंची यादी असेल, जवळजवळ सगळे रिपोर्ट असेच असतात कारण लॅबच्या दरपत्रकात तेच पॅकेज स्वस्त असतं. पण रंगांच्या केमिकल्सच्या कंपनीत मला बघायचंय नाइट्रोबेंझीन, ॲनिलीन, क्लोरोबेंझीन, क्लोरोॲनिलीन, नॅफ्थलीनची पिल्लावळ, आणि मशीन धुवायला वापरलेले सॉल्व्हंट, म्हणजे तेल-ग्रीस विरघळवणारे द्रव. हे त्या पॅकेजमध्ये नसतंच. पाण्याचा रिपोर्ट पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० प्रमाणे केलाय असं अभिमानाने लिहिलेलं असतं, पण ते मानक नळाच्या पाण्यासाठी आहे, कारखान्याच्या जागेसाठी नाही, ट्रायक्लोरोइथिलीनसारखा सर्रास वापरला गेलेला सॉल्व्हंट त्या यादीत नाहीच. मग तो ‘मर्यादेत’ कसा असणार, तपासलाच नाही.

दुसरं, जिथे जिथे ‘बीडीएल’ (बिलो डिटेक्शन लिमिट) लिहिलंय तिथे शेजारच्या कॉलममध्ये डिटेक्शन लिमिट, म्हणजे मशीनला दिसू शकणारं कमीत कमी प्रमाण, किती आहे ते बघा. अमेरिकेत ट्रायक्लोरोइथिलीनची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. लॅबचं मशीन ५० च्या खाली बघूच शकत नसेल तर ४० असलं तरी रिपोर्टवर ‘बीडीएल’च येणार, आणि वाचणाऱ्याला वाटणार शून्य आहे. कॉलमच नसेल तर लॅबकडून लेखी मागा, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबला ते द्यायला काहीच अडचण नसते. आणि ती मान्यतासुद्धा त्याच घटकासाठी आहे का ते तपासा, कारण लॅब मान्यताप्राप्त असते पण मान्यता घटकागणिक मिळते.

तिसरी गोष्ट टीसीएलपीची, म्हणजे मातीतून पाण्यात किती विष उतरतं ते बघणाऱ्या टेस्टची. बऱ्याच रिपोर्टमध्ये लिहितात की माती टीसीएलपी टेस्टमध्ये पास झाली, घातक नाही. ही टेस्ट कचरा कुठल्या प्रकारच्या भरावक्षेत्रात टाकायचा ते ठरवायला आहे. त्या मातीवर पोरं खेळली, धूळ नाकातोंडात गेली, किंवा मातीतून वाफ घरात आली तर काय, याचं उत्तर ही टेस्ट देत नाही.

आणि उलट बाजूही सांगायला हवी, म्हणजे उगाच घाबरून जाऊ नका. आपली महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन बसाल्टची, आणि बसाल्टपासून बनलेल्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं, व्हॅनेडियम मुळातच जास्त असतं. कॅनडाच्या निवासी जमिनीच्या मर्यादांच्या यादीत क्रोमियम किलोला ६४ मिलिग्रॅम आणि तांबं ६३ मिलिग्रॅम आहे, आपल्याकडची कधीही कारखाना न बघितलेली काळी माती या दोन्ही आकड्यांच्या वर सहज जाते. म्हणून कंपाउंडच्या बाहेर, वरच्या अंगाला, ज्या जागेवर कधी काही झालं नाही तिथली माती तुलनेसाठी घ्यावीच लागते. ती नसेल तर एक पार्टी म्हणणार सगळं विषारी आहे आणि दुसरी म्हणणार सगळं नैसर्गिक आहे, आणि दोघांकडेही पुरावा नाही.

सॅम्पल कसा घेतला यावर तर अख्खा रिपोर्ट उभा असतो आणि तेच रिपोर्टमध्ये एका ओळीत उरकलेलं असतं. पाच ठिकाणची माती एका घमेल्यात कालवून एक सॅम्पल लॅबला पाठवतात, त्यात एका ठिकाणी ५०० असेल आणि चार ठिकाणी शून्य, तर रिपोर्टला येतात १००, आणि ज्या कोपऱ्यात खरा प्रॉब्लेम आहे तो कोपरा गायब. सॉल्व्हंटसारख्या उडून जाणाऱ्या केमिकल्ससाठी तर कालवणं म्हणजे सॅम्पल वाया घालवणं, घमेल्यातच अर्धं उडून जातं. ते सॅम्पल कोअरमधून (ड्रिलने अख्खा वर काढलेला मातीचा दांडा) काढल्या काढल्या छोट्या काचेच्या बाटलीत मिथेनॉलमध्ये बुडवायचं, बर्फाच्या पेटीत ठेवायचं आणि त्याच दिवशी रवाना करायचं. पाण्याची बाटली अशी भरायची की वर एक बुडबुडासुद्धा राहायला नको. सोबत एक कोरी बाटली लॅबमधून निघून साइटवर येऊन परत लॅबला जाते, तिच्यात काही सापडलं तर समजायचं की वाटेत गडबड झाली. तुमच्या रिपोर्टमध्ये अशा कोऱ्या बाटलीचा आणि डुप्लिकेट सॅम्पलचा उल्लेख आहे का ते आधी बघा, नसेल तर बाकीचे आकडे मी तरी जपूनच वाचीन.

साइटवर आम्ही एक साधी गोष्ट करतो. कोअरमधून दर अर्ध्या मीटरची थोडी माती झिपलॉक पिशवीत अर्ध्यापर्यंत भरायची, हाताने चुरायची, पाच-दहा मिनिटं उन्हात ठेवायची, मग पिशवी किंचित उघडून पीआयडी मशीनची (हातात धरून वाफ मोजायचं यंत्र) नळी आत घालायची. मशीन पिशवीतल्या वाफेचा आकडा दाखवतं. कुठलं केमिकल आहे ते नाही कळत, पण कुठल्या खोलीवर आकडा उसळतोय ते कळतं आणि मग महागडी टेस्ट नेमक्या त्या खोलीच्या मातीची करायची. बहुतेक वेळा वरच्या एक मीटरमध्ये आकडा शांत असतो, कारण वरचं ऊन-पावसाने उडून आणि धुऊन गेलेलं असतं, आणि मुरूम संपून कातळ लागतो त्या सांध्यावर आकडा वर जातो, कारण पाणी तिथे येऊन थबकतं. तीन फुटांपर्यंतची माती तपासून, तीन फूट उचलून साफ झालं म्हणणं हे या सांध्याच्या आधीच थांबणं आहे. अजून एक, खोलीवरचे सॅम्पल बोअरवेलच्या गाडीने काढलेत का ते विचारा. ती गाडी कंप्रेसरच्या हवेने हातोडा चालवते आणि चुरा फुंकून वर काढते, त्या हवेत उडणारं सगळं उडून जातं. पाणी शोधायला ती गाडी उत्तम, या कामाला चालत नाही.

आता पाण्याकडे येते, माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. आपल्याकडे जमिनीखाली वाळूचा एकसारखा थर नाही. वर माती, मग मुरूम, मग विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोकं-भोकं असलेला खडक, मग काळा पाषाण, मध्ये कुठे तांबडा चिकट थर, परत मांजऱ्या, असे लाव्हाचे थरावर थर. पाणी मुरमात असतं, मांजऱ्यात असतं आणि पाषाणाच्या भेगांत असतं. भेग कुठल्या दिशेला गेलीय ते वरून दिसत नाही. जमीन पश्चिमेला उतरते म्हणून पाणी पश्चिमेलाच जाईल असं गृहीत धरतात, मुरमातलं पाणी बहुतेक जातंही, पण खालच्या भेगेतलं पाणी नैर्ऋत्येला दुसऱ्याच सोसायटीच्या बोअरमध्ये निघू शकतं. पाण्याची दिशा काढायला कमीत कमी तीन निरीक्षण विहिरी (पातळी आणि पाणी तपासायला मुद्दाम घेतलेल्या बारीक बोअर) लागतात, त्रिकोणात, प्रत्येकीच्या तोंडाची उंची लेव्हलने मोजलेली, आणि मुरमासाठी वेगळ्या, खालच्या खडकासाठी वेगळ्या. एकाच बोअरचं पाणी तपासून ‘भूजल स्वच्छ आहे’ असं लिहिलेले रिपोर्ट मी बघत आलेय, त्या बोअरपाशी जाणारं पाणी प्लॉटखालून येतंय की रस्त्यापलीकडून, हेच कोणाला माहीत नसतं.

कंपनीची जुनी बोअर असेल तर तिच्याकडे आधी लक्ष द्या. आपल्याकडे बोअरला केसिंग पाइप फक्त कडक खडक लागेपर्यंत घालतात, खाली दोनशे-तीनशे फूट उघडं भोक. वरच्या मुरमातलं घाण पाणी केसिंगच्या बाहेरून उतरतं, उघड्या भोकात शिरतं आणि जो खालचा थर एरवी तांबड्या चिकट थरामुळे सुरक्षित राहिला असता तिथे थेट पोचतं. अशी बोअर बंद करताना तोंडावर दगड आणि सिमेंटचं झाकण ठेवून चालत नाही, तळापासून वरपर्यंत बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) आणि सिमेंटचं पातळ मिश्रण पाइपने खालून भरत आणावं लागतं. बिल्डर याच बोअरचं पाणी बागेला वापरणार म्हणत असेल तर मग ती चालू राहणार, रोज उपसली जाणार, आणि आजूबाजूची घाण तिच्याकडे ओढली जाणार. आज रिपोर्ट चांगला असला तरी दोन वर्षं उपसल्यावर तोच राहील याची खात्री मी देणार नाही.

क्लोरीन असलेल्या सॉल्व्हंटचं वेगळंच असतं. ट्रायक्लोरोइथिलीन पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड आहे, लिटरला १.४६ किलो, म्हणून ते पाण्यावर तरंगत नाही, पाण्यातून खाली उतरत जातं, भेगेतून भेगेत, पाषाणावर डबकं करून बसतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं. एक लिटर ट्रायक्लोरोइथिलीन पूर्ण विरघळलं तर जवळपास २९ कोटी लिटर पाणी ५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेला जाऊन पोचतं, गुणाकार तुम्हीही करून बघा. अर्ध्या भरलेल्या एका ड्रमच्या गळतीचं मोजमाप यावरून करा. डिझेल, फर्नेस ऑइल याच्या उलट, तरंगतं. त्यातही पावसाळ्याचा खेळ असतो, कोकणात भूजलाची पातळी मे ते ऑगस्टमध्ये कित्येक मीटर वर येते, तरंगणारं तेल त्या पाण्याखाली मातीत अडकून बसतं आणि विहिरीत दिसेनासं होतं, मग एप्रिलमध्ये पातळी उतरली की परत विहिरीत तेलाचा जाड थर. त्यामुळे ऑगस्टमधल्या एका सॅम्पलवर कोणी ‘तेल नाही’ म्हणत असेल तर मान्य करू नका, उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळचं पाणी हवं.

बिल्डिंगचा प्लॅन आणि ही सगळी माहिती एकत्र ठेवून बघणारं कोणी नसतं, आर्किटेक्ट वेगळा, आरसीसी कन्सल्टंट वेगळा, माती तपासणारा तर कधीच पैसे घेऊन गेलेला. म्हणून हे तुम्हीच विचारा. दोन-तीन बेसमेंट आहेत का? असतील तर खोदताना महिनोन्‌महिने पंप लावून पाणी उपसणार, ते पाणी शेजारच्या प्लॉटखालची घाणसुद्धा इकडे ओढून आणतं, आणि उपसलेलं पाणी नाल्यात सोडणार की आधी प्रक्रिया करणार? बंद बेसमेंटमध्ये जमिनीतली वाफ साठते, उघडं स्टिल्ट पार्किंग त्या दृष्टीने बरं. लिफ्टचे खड्डे, केबलचे डक्ट या वाफेच्या वर यायच्या वाटा असतात. जमिनीखालची पाण्याची टाकी कुठे आहे? पावसाळ्यात बाहेर भूजल टाकीच्या वर आलेलं असतं आणि टाकी अर्धी रिकामी झाली की बारीक तडा असला तरी बाहेरचं पाणी आत झिरपतं, तेच पाणी गच्चीवर चढतं. प्लास्टिकचे पाइप बेंझीन, ट्रायक्लोरोइथिलीनसारखी सॉल्व्हंट भिंतीतून आत येऊ देतात, तिथे डक्टाइल आयर्नसारखे धातूचे पाइप लागतात. आणि रेनवॉटर हार्वेस्टिंग, एरवी मी याची मोठी पुरस्कर्ती, पण घाण मातीतून शोषखड्डा खणला तर सगळ्या छपराचं पाणी त्या मातीला धुऊन खाली भूजलात नेणार. नियमाने करावंच लागतं म्हणून कुठेही खड्डा मारतात. शोषखड्डा स्वच्छ ठरलेल्या कोपऱ्यात तरी हवा नाहीतर पाणी साठवायची टाकी हवी.

आता सफाई. माती खणून नेणं ही गोष्ट वाईट नाही, गाळाचा खड्डा सापडला तर तो काढलाच पाहिजे, पण तो पूर्ण काढायचा, तळाची आणि चारी भिंतींची माती परत तपासायची, आणि काढलेली माती कुठे गेली त्याचे कागद मागायचे. घातक ठरलेली माती तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी अशा अधिकृत ठिकाणीच जायला हवी आणि प्रत्येक गाडीचं मॅनिफेस्ट, म्हणजे माल कुठून कुठे गेला त्याचा कागद, असतं. ते नसेल तर तुमच्या प्लॉटची माती कुठल्यातरी खाडीकिनारी किंवा दुसऱ्याच्या भरावात गेलीय. वर मुरूम टाकून झाकणं हासुद्धा मान्य उपाय आहे, पण झाकण म्हणजे झाकण, ते पुढे कोणी फोडायचं नाही हे कागदावर बांधलेलं असायला लागतं. अमेरिकेत लव्ह कॅनालला १९४२ ते १९५३ केमिकलचा कचरा पुरला, वर चिकणमाती टाकली आणि जमीन एका डॉलरला शाळेच्या मंडळाला दिली, पुढे शाळा झाली, घरं झाली, गटारं आणि रस्त्यांसाठी ते झाकण आणि कडा खणल्या गेल्या, पाणी आत शिरलं, आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून लोकांना घरं सोडायला लावली. तुमच्या टॉवरमध्ये पाच वर्षांनी कोणी गॅसच्या पाइपलाइनसाठी खणणारच आहे.

भूजल साफ करणं त्याहून अवघड आणि इथे कोणी सहा महिन्यांची हमी देत असेल तर विश्वास ठेवू नका. पाणी उपसून, साफ करून सोडणं ही सगळ्यात जुनी पद्धत. १९९४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने अशा ७७ जागा तपासल्या, त्यातल्या ६९ ठिकाणी ठरवलेलं उद्दिष्ट तोवर गाठलं गेलं नव्हतं. कारण लोणच्याची बरणी कितीही विसळली तरी तिचा वास येतच राहतो तसं खडकात आणि चिकणमातीत मुरलेलं केमिकल पंप बंद केला की परत पाण्यात उतरतं. म्हणून आता शक्य असेल तिथे जागेवरच त्याचं रूप बदलायचा प्रयत्न करतात. सॉल्व्हंट तोडायला परमँगनेट किंवा परसल्फेट खाली सोडतात. षट्संयुजी (हेक्झाव्हॅलेंट) क्रोमियम, ज्याने विहिरीचं पाणी पिवळं होतं, त्याला लोहाचं सल्फेट किंवा चक्क साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) सोडतात, मळीवर जिवाणू वाढतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि क्रोमियम कमी विषारी, न विरघळणाऱ्या रूपात बसतं. मळीची आपल्याकडे काही कमी नाही आणि ही पद्धत इथे अजून खूप वापरायला हवी असं माझं ठाम मत आहे. पण यातलं काहीही करायला भेगा कुठे आहेत ते आधी माहीत हवं, नाहीतर औषध एकीकडे आणि दुखणं दुसरीकडे. डोळ्याला दिसणारा कचरा हलवला म्हणजे सफाई झाली असंही नसतं, भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन साठवलेला कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला नेऊन पुढे जाळला, भोपाळच्या त्या जागेची दूषित माती आणि भूजल मात्र जागच्या जागी आहे.

‘किती साफ म्हणजे साफ’ हा आकडा खणायच्या आधी आणि रहिवाशांसमोर ठरायला हवा. कोडाईकनालला पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला, मातीसाठी किलोला २० मिलिग्रॅम पारा हा आकडा धरला गेला आणि त्या आकड्यावर वर्षानुवर्षं वाद झाला, कारण खाली पांबार शोला (डोंगरातलं दाट जंगल) आहे, उतार आहे, पाऊस आहे, आणि लोकांचं म्हणणं होतं की याहून कडक मर्यादा हवी. तो वाद मला रास्तच वाटतो. मोकळ्या गोडाऊनसाठी चालेल तो आकडा लहान मुलं खेळणार त्या बागेला चालत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये मर्यादा निवासी जमिनीच्या लावल्यात की औद्योगिक, हे पहिल्या पानावर बघा.

कायद्याचं बोलायचं तर जुलै २०२५ पासून दूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम आलेत. त्यात स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, राज्याच्या प्रदूषण मंडळाने आधी प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी करायची, आणि ज्याच्यामुळे घाण झाली त्याच्याकडून सफाईचा खर्च घ्यायचा अशी रचना आहे. म्हणजे तुम्ही आठ-दहा खरेदीदार मिळून महापालिकेला आणि मंडळाला लेखी कळवू शकता की ही जागा संशयित म्हणून तपासा. अर्जात कंपनी काय बनवत होती, साधारण कोणत्या वर्षांत, आणि जुन्या कामगारांनी दाखवलेल्या जागा नकाशावर खुणा करून जोडा, नुसती ‘प्रदूषण असावं’ अशी तक्रार फाइलमध्येच पडून राहते. बिल्डरकडे कागदांचा पाठपुरावा वेगळा चालू ठेवा. जागेचा इतिहास, निरीक्षण विहिरींचे लॉग, डिटेक्शन लिमिटसकट लॅबचे मूळ रिपोर्ट, उचललेल्या मातीची मॅनिफेस्ट, हे ज्या बिल्डरने खरंच काम केलंय त्याच्याकडे तयारच असतं, तो एका मेलवर पाठवतो.

आणि एक घाईची गोष्ट. बेसमेंटचं खोदकाम सुरू झालं की पाण्याची मूळ पातळी आणि मूळ दिशा दोन्ही बिघडतात आणि नंतर कितीही पैसे खर्चले तरी आधीची स्थिती मोजता येत नाही. तुमच्या प्लॉटवर अजून खोदकाम नाहीये असं तुम्ही लिहिलंय, तर निरीक्षण विहिरी आत्ताच घ्यायला लावा, म्हणजे मेच्या शेवटी एक आणि ऑक्टोबरमध्ये एक अशा दोन फेऱ्या पंप लागायच्या आधी होतील.